लोडरचे पुढचे टायर

२ फेब्रुवारी, सोमवार

टायर मी निवडायचे! मॅनेजर गिरीशसर फाइलवरून मान वर न करता म्हणाले, "दीक्षा मॅडम, लोडर ट्रॅक्टरचे पुढचे दोन्ही. टिकाऊ बघा. महिनाअखेर तो चालू पाहिजे." डेअरीचं स्टोअर माझ्याकडे, म्हणजे काम माझंच. पण हाच ट्रॅक्टर!

११ डिसेंबरपासून तो शेडमध्ये उभा आहे. त्या दिवशी शेणानं भरलेलं पुढचं बकेट वर होतं, पुढचा उजवा टायर फुटला, ट्रॅक्टर चाऱ्याच्या खड्ड्यात उलटला आणि ड्रायव्हर गौसभाई खाली सापडले. जागीच गेले. अहवालात लिहिलंय — ड्रायव्हरनं जास्त माल भरला. त्यावर तिसरी सही माझी.

३ फेब्रुवारी

शेडकडे गेले नाही. उद्या.

५ फेब्रुवारी

गेले. भर दुपारी, आसपास चार बायका असताना. ट्रॅक्टर ओढून आणला तेव्हा बकेट छातीइतकं वर होतं, आता गुडघ्याशी आलंय. रोज बोटभर उतरतं. मेकॅनिक म्हणतो, तेल झिरपतंय. शेण काढणाऱ्या बायका म्हणतात, गौसभाई राहिलेलं काम पुरं करतोय. मी हसले, आणि मग हैदराबादेत विद्यानगरचं घर येईपर्यंत बसमध्ये कानात तेच — "सलाम मॅडम." रोज स्टोअरच्या खिडकीशी थांबून म्हणायचे.

त्यांची बायको मेहबूबबी अजून फार्मवरच्या खोलीत आहे. चूक ड्रायव्हरची ठरली, म्हणून महिनाअखेर खोली रिकामी करायची. तिच्या दारावरून जाताना मी मोबाइल काढून बघते. त्यात काही नसतं.

७ फेब्रुवारी

बरकतपुऱ्यात हिम्मतरावांच्या टायरच्या दुकानात गेले. म्हातारा आपल्या मराठवाड्याकडचा, बोलायला मोकळा. "लोडर म्हणल्यावर साध्या ट्रॅक्टरचं पुढचं टायर चालत नसतंय बाई. साध्याला मागची चाकं ओढतात, पुढची नुसती वळतात. लोडरचं उलटं! बकेट भरलं की सगळा भार पुढं." सहा प्लाय, म्हणजे सहा थरांचा, आणि बारा प्लाय असे दोन टायर शेजारी उभे करून दाखवले. बारावाल्याची बाजू जाड, दगडधोंड्यावर लवकर कापली जायची नाही. बारा ठरले.

निघताना म्हणाले, "नक्षीवर भुलू नका. कमी फिरलेल्या टायरची नक्षी नव्यासारखीच दिसती, रबर मरून गेलेलं असतंय. बाजूवर चार आकडे बघायचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. बाईचं वय विचारू नये, टायरचं विचारावं!" आणि स्वतःच हसले.

९ फेब्रुवारी, सोमवार

फुटलेला टायर ओल्या फडक्यानं पुसला. २२१५. म्हणजे २०१५! दहा वर्षांचा म्हातारा. नक्षी मात्र चांगली अंगठाभर.

माझ्या रजिस्टरात, माझ्याच अक्षरात, २६ नोव्हेंबर — "पुढचे टायर नवीन, दोन दिवसांपूर्वी बसवलेले. काही करण्याची गरज नाही." कुणी सांगितलं? गौसभाईंनीच. खिडकीशी आले, "मॅडम, आगे के टायरां परसों डाले सो हैं. देखो जरा." मी म्हटलं, परवा घातले आणि आज लगेच बघायचे? टायर आहे की जावई? हसून "अच्छा मॅडम" म्हणाले, गेले.

म्हणजे ते खोटं बोलले. मग चूक त्यांचीच! हे लिहिताना मला बरं वाटलं. बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

१० फेब्रुवारी

सकाळी चहा घेताना संघपालला सांगितलं. तो इथलाच, जन्म विद्यानगरचा. मी गेल्या मे महिन्यात लग्न करून हिंगोलीहून आलेली. तो हसायलाच लागला. "अगं वेडे, हैदराबादचं परसों म्हणजे परवा नव्हे! गेलेला कुठलाही दिवस. माझे आजोबा वारून वीस वर्षं झाली, शेजारी अजून म्हणतात, परसों गुजर गए." मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कप खाली ठेवला.

ते सांगत होते — फार जुने झालेत, बघा. मी ऐकलं — नवे आहेत. आणि वर जावयाचा विनोद केला!

११ फेब्रुवारी

कानात आता सलाम नाही. "देखो जरा" आहे.

१३ फेब्रुवारी

संघपाल म्हणतो, "अहवाल बंद झालाय. नोकरी घालवशील. टायर तू फोडलास का?"

नाही फोडला. उठून वीस पावलं चालत जाऊन बघितलाही नाही.

१६ फेब्रुवारी

टायर आले. कुणी हात लावायच्या आधी आकडे वाचले. एक चार महिन्यांचा, दुसरा साडेतीन वर्षं पडून राहिलेला. दुसरा परत! हिम्मतराव फोनवर म्हणाले, "बाई, एवढं तर लोक नवरीला पण बघत नाहीत." पण संध्याकाळच्या आत बदलून दिला.

१८ फेब्रुवारी

दोन्ही बसवले. नव्या ड्रायव्हरनं बकेट भरून वर उचललं. टायर जरासे दबले, थांबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे नोव्हेंबरात झालं असतं. फक्त उठायचं होतं मी.

१९ फेब्रुवारी

गिरीशसरांना पत्र दिलं. टायर दहा वर्षांचे होते, गौसभाईंनी आधी सांगितलं होतं, मी उलटा अर्थ घेतला, अहवाल बदला, मेहबूबबीची खोली काढून घेऊ नका. सोबत रजिस्टरचं पान जोडलं.

सर तापले. "एका शब्दाच्या घोळासाठी सगळी डेअरी अडकवता? दोन दिवस घ्या, विचार करा आणि हे परत न्या." म्हटलं, नाही सर. माझा आवाज किती बारीक आला!

तिला अजून सांगितलेलं नाही. सरांना कागद देता आला. तिला तोंडानं सांगायचंय.

२० फेब्रुवारी

सांगितलं. दारात उभं राहूनच, सगळं. तिनं चटई टाकली, मला बसवलं, मग म्हणाली —

"हमना मालूम था मॅडम. आपकू टायरां देखो बोले सो उसीच दिन उनो घर आके बोले थे. किसीकू नै बताए हम. आप कब आते बोलको राह देख रए थे."