धुऊन जाणाऱ्या भिंतींचा अर्ज

हा-मोकाते, लेरिबे
१४ ऑगस्ट

प्रिय आउसी खाबो,

आम्ही दोघी बऱ्या आहोत. तूही बरी असशील. तुझं काम, लेकीची शाळा, घरमालकिणीची कटकट, सगळं विचारणार होते. पण ते तू दर रविवारी आईला फोनवर सांगतेसच आणि मी पलीकडे बसून ऐकते. फोन माझ्या हातात आला की तो कट होतो. म्हणून धाकटीचं हे पत्र. ब्लूमफाँटेनला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या हाती देतेय. तो तुझ्या कारखान्याच्या फाटकाशी थांबेल म्हणालाय.

थंडी अजून आहे, पण पीचची झाडं फुलली आहेत. आईची तब्येत चांगली आहे, फक्त उजव्या हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. हे ती तुला फोनवर सांगणार नाही. तरी गेल्या महिन्यात मा-पुसोच्या लेकीच्या लग्नासाठी तिने त्यांचं अख्खं घर रंगवून दिलं. रेघा ओढायचा काटा बोटांत धरता येईना, तर फडक्याने मनगटाला बांधला आणि ओल्या मातीत रेघा ओढत गेली. नांगरलेल्या शेतासारखी भिंत दिसायला लागली. वऱ्हाडी आधी भिंतीकडे बघत होते, मग नवरीकडे. मा-पुसोला थोडा रागच आला.

आता मुद्द्याचं. मासेरूतल्या एका कलानिधीने अर्ज मागवलेत. आपल्या चार वाड्यांतल्या बारा मुलींना दोन वर्षं आपलं हे भिंतीवरचं लितेमा शिकवायचं, असा अर्ज मी लिहायला घेतलाय. हसू नकोस. हो, मीच.

पहिला खर्डा आईला वाचून दाखवला. मुख्याध्यापिका झाल्यापासून मला जी भाषा येते त्याच भाषेत होता. ‘अनमोल वारसा’, ‘ग्रामीण स्त्रियांचं सर्वांगीण सक्षमीकरण’. आई शेंगा सोलत ऐकत होती.

“छान आहे. कुणाबद्दल आहे?” म्हणाली.

“तुझ्याबद्दल, आई!”

“माझ्याबद्दल? मग यात माती कुठाय? तुझी ही कागदावरची बाई आंघोळ करून, हात पुसून बसलीये.”

दुसऱ्या दिवशी शनिवार. मला घराच्या मागे नेलं. तिथे माती आणि शेण कालवून ठेवलेलं. “मुख्याध्यापिकाबाई, बाह्या वर करा.” मा-पुसो खास बघायला आली, सोबत शेजारणीला घेऊन आली. अडतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा सारवणात हात घातला. सारवण कुठे जाड, कुठे पातळ. माझी रेघ मध्येच वाळली नि तुटली. मा-पुसो म्हणाली, “कोंबडी चालून गेलीये का गं इथून?”

पण आउसी, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली, जी तुला सहा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. जागचं न हलता हात जिथवर पोचतो, तेवढाच एक चौकोन होतो. म्हणजे भिंतीवर प्रत्येक बाईचं स्वतःचं माप असतं. आई म्हणाली, “खाबोचा चौकोन माझ्यापेक्षा चार बोटं मोठा. आईपेक्षा लांब हाताची पोर.” हे सांगताना तिचा चेहरा तू बघायला हवा होतास. मी हात धुतले आणि पहिला खर्डा फाडला. दुसऱ्याची सुरुवात त्या चौकोनाने केलीय.

सातवा प्रश्न मात्र अडलाय: ‘तयार झालेली कला जतन कशी कराल?’ काय लिहू? पावसाच्या दोन-तीन सरींत भिंत पुन्हा कोरी होते. शिफारसपत्रही नीट नाही. मोरेनांनी दोन पानं लिहून दिलीत. गावप्रमुख म्हणून त्यांनी स्वतः काय काय केलं, त्यात दीड पान गेलंय आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांचे बैल आहेत. परत मागायला जाणार आहे.

आईला शिकवता येईल, पण हाताने करून दाखवणारी दुसरी हवी. ती तू. कारखाना डिसेंबरात बंद असतो तेव्हा आणि ईस्टरला यायचं. प्रवास आणि मानधन अर्जात धरलंय. प्रमुख कलाकार म्हणून तुझं नाव घालायचंय. त्यासाठी तुझ्या हातचं एक पान आणि सही हवी. मुदत तीस सप्टेंबरची आहे.

अकरावा प्रश्नही कोरा आहे. तो साधाच आहे, शेवटी भरीन.

सेनाते

•

हा-मोकाते
८ सप्टेंबर

आउसी,

तुझं पत्र मिळालं. दहा ओळींचं का होईना, नऊ वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहिलंयस, ‘आईसाठी मी आले असते. पण ज्यांनी एकदा मला कळवलं की पावसात धुऊन जातं त्याला कला म्हणत नाहीत, त्यांच्या दाराशी पुन्हा उभं राहायला सांगू नकोस.’

ते पत्र चार दिवस माझ्या दप्तरात होतं. आज लिहिते.

त्यांनी तसं कधीच कळवलं नव्हतं.

तुझा अर्ज त्यांच्याकडे गेलाच नाही, खाबो. तू चार छायाचित्रं आणि तुझ्या हाताने काढलेले सहा नमुने माझ्याकडे आणून दिलेस, म्हणालीस, “तू शिकलेली आहेस, नीट शब्दांत घाल.” मी घ्यायला नको होतं, पण घेतलं. ‘या कलेचं महत्त्व सांगा’ या प्रश्नापाशी येऊन थांबले. मला ते महत्त्व दिसतच नव्हतं. कागद कपाटात ठेवले. मग मुदत गेली. तू दर आठवड्याला विचारायचीस, “काही आलं का?” आणि तिसऱ्या वेळी मी म्हणाले, आलं, नकार आला. काय म्हणाले, असं तू विचारलंस. ते वाक्य मी तिथल्या तिथे, चुलीपाशी उभ्या उभ्या रचलं. वर शेजारणींदेखत म्हणाले, “शेणात हात घालून कोण मोठं झालंय?” त्यासाठी तू माझ्याशी बोलणं टाकलंस. त्या एका वाक्यासाठी. त्याच्या मागे काय होतं ते तुला माहीतच नव्हतं.

आळस केला असं म्हणू शकले असते. पण नुसता आळस नव्हता. घरात शिकलेली मी होते. गावात मात्र बायका तुझ्या भिंतीपुढे थांबायच्या. माझ्या प्रमाणपत्रापुढे कोणी थांबलं नाही. तुझं नाव मासेरूला गेलं असतं तर माझ्याकडे काय उरणार होतं, असं मला तेव्हा वाटलं. इतकं लहान मन होतं माझं.

तू सीमेपलीकडे गेलीस. पहिल्या पगारातून सिमेंट पाठवलंस, म्हणजे आईची भिंत पुन्हा धुऊन जायला नको. आईने गवंड्याला बोलावून ते लावून घेतलं. “लेकीने पाठवलंय,” एवढंच सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून सगळ्या गावाची घरं ती रंगवते आणि स्वतःच्या करड्या भिंतीशी बसून जेवते. मी ते रोज बघते.

अकरावा प्रश्न हा आहे: ‘आपल्या गटातील कोणी यापूर्वी अर्ज केला होता का? निकाल काय लागला?’ आईने तो कोरा पाहिला. म्हणाली, “खाबोने केला होता ना? लिही की.” मी तिला सगळं सांगितलं. ती उठली, भिजत घातलेल्या मातीत हात घालून बघून आली, हात धुतले, पुन्हा बसली. मग म्हणाली, “मला सांगून मोकळी होऊ नकोस. तिला सांग. मी तुझा निरोप पोचवणार नाही.” दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. मा-खाबो, मा-खाबो अशी तिला दिवसभर हाक पडत असते. खाबोची आई. प्रत्येक हाकेला मी मान खाली घालत होते.

त्या प्रश्नाचं उत्तर आता मी लिहिलंय. शब्द असे आहेत: ‘खाबो मोलाओ हिने नऊ वर्षांपूर्वी अर्ज तयार केला होता. तो तिच्या बहिणीने पाठवला नाही आणि नकार आल्याचं खोटं सांगितलं. ती बहीण म्हणजे हा अर्ज लिहिणारी मी.’ तू पान पाठव वा पाठवू नकोस, हे असंच जाणार. तू यावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. माफीही मागत नाही. इतक्या स्वस्तात मागायची लाज वाटते.

सेनाते

•

हा-मोकाते
६ डिसेंबर

प्रिय आउसी,

आई खुशाल आहे. मीही. पाऊस वेळेवर आलाय, मका गुडघ्याएवढा झालाय. कालच्या निरोपात आईने तुला निकाल सांगितलाच, पण ती दोन वाक्यांत आटपते. ‘मिळालं. ये.’ बाकीचं मला सांगू दे.

सव्वीस सप्टेंबरला टॅक्सीवाल्याने तुझं पाकीट आणून दिलं. मी ते शाळेच्या पायरीवरच फोडलं. माझ्यासाठी एक शब्द नव्हता. ठीकच होतं. मी पाठवलेल्या खर्ड्याच्या प्रतीवर तुझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. ‘राख घालत नाहीत, चूक.’ ‘पिवळी माती ओढ्याची नाही, टेकडीमागच्या घळीतली. स्वतः गेली होतीस का?’ ‘बारा मुली एका भिंतीला जास्त होतात. सहा-सहा कर.’ गेले बघ घळीत. मोजलं, निवडलं, सगळं पुन्हा लिहिलं. मोरेनांकडे तिसऱ्यांदा जाऊन बसले. “माझ्या बैलांत काय वाईट आहे?” म्हणाले. मी म्हटलं, “मोरेना, बैल उत्तम आहेत, पण त्यांना लितेमा येत नाही.” हसले आणि त्यांच्या आईच्या घराबद्दल असं पान लिहून दिलं की मला भरून आलं.

आणि तुझ्या हातचं ते पान. त्यात तू लिहिलं होतंस: ‘भिंत टिकत नाही म्हणूनच मी शिकले. टिकली असती तर आईने ती एकदा केली असती आणि मी नुसती बघत मोठी झाले असते. दरवर्षी पाऊस भिंत कोरी करतो, दरवर्षी आई मला हाताला धरून तिच्यापुढे उभी करायची. जपायची ती भिंत नाही. भिंतीपुढची मुलगी जपायची आहे.’

मी दोन महिने सातव्या प्रश्नाशी झगडत होते. तू चार ओळींत सोडवलास. तुझे शब्द जसेच्या तसे उतरवले, खाली तुझं नाव घातलं. स्वल्पविरामालाही हात लावला नाही. आणि जे वाक्य मी चुलीपाशी रचलं होतं, त्याचं उत्तर तू मला न सांगता देऊन टाकलंस, हे मला समजलं.

नोव्हेंबरात मुलाखतीला बोलावलं. आईने ठेवणीतलं निळं ब्लँकेट अंगावर घेतलं, बोटांना तेल लावलं. टेबलापलीकडे तिघं होते. मधल्या बाईंनी आमचा कागद पुढे ओढला.

“अकराव्या प्रश्नाचं उत्तर कुणी लिहिलं?”

“मी,” म्हणाले.

“असं उत्तर आम्हाला कधी कोणी दिलेलं नाही. तुमच्यावर विश्वास का ठेवावा?”

मी काही बोलायच्या आत आई पुढे सरकली. “हिच्यावर ठेवू नका, बाई. ही नुसती लिहिणारी. थोरलीचं पान वाचा. आणि पैशाच्या कागदावर सही माझी आणि थोरलीची राहील, हिची नको.”

तिघंही हसले. मीही हसले, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्या बाईंनी तुझं पान मोठ्याने वाचलं. सगळं. शेवटच्या ओळीवर शेजारच्या गृहस्थाने चष्मा काढला. आईने माझ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “माझी खाबो.”

एकशे चाळीस अर्जांतून नऊ निवडले. आपला पहिल्या क्रमांकावर आहे. यादीत गटाच्या नावापुढे ‘प्रमुख कलाकार: खाबो मोलाओ’ असं छापलंय. ती यादी मी शाळेच्या फळ्यावर लावली. मधल्या सुट्टीत पोरी विचारतात, “बाई, ही कोण?” मी सांगते, “माझी मोठी बहीण. चार वाड्यांत तिच्याएवढ्या लांब हाताची बाई नाही.” असं म्हणताना माझी छाती इतकी फुलते की मलाच नवल वाटतं. हे मी नऊ वर्षांपूर्वीही म्हणू शकले असते.

मुलींची नावं घेऊन झाली. बाराच्या जागी एकोणीस आल्या. कोणाला परत पाठवायचं ते तू ठरव. माझ्याने होणार नाही. मा-पुसोची नात रोज विचारून जाते.

सोळा तारखेला, शनिवारी, तू मासेरूला सीमेवरच्या पुलावर उतरशील असं आई म्हणाली. ती गावातच थांबेल. तिला स्वयंपाक करायचाय, कुणाला हात लावू देत नाही. मी येते घ्यायला. सकाळपासून अलीकडच्या बाजूला उभी असेन. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, आउसी. तुझ्या पिशव्या तेवढ्या माझ्या हातात दे.

तुझी धाकटी, जिने हा अर्ज मात्र स्वतःच्या हाताने नेऊन दिला,
सेनाते