शांतवनच्या घराबद्दल आईची साक्ष

अहमदनगर, ९ मार्च १९९८

चि. शांतवन यास आईचा सलाम, प्रभू तुला राखो.

माझे गुडघे बरे हायेत, म्हणजे कालच्याइतकेच दुखतात. बोलतेय मी, लिहितेय नात.

पाळकसाहेबांचं पत्र आलं. ईस्टरला तुला चर्चच्या मंडळीचा वडील, म्हणजे पंच, करायचंय, तर शांतवन घर नीट चालवतो अशी आईची साक्ष पाहिजे. तुझंही पत्र आलं. सगळं खुशाल, अन् खाली, ‘आता भाकरी थापता येते.’ बाबा रे, मग माझी सून रिबका कुठाय? तिनंच फोन केला. पुरुष घराचं मस्तक हाय, अंगणवाडीचं काम सोड, असं तू म्हणालास, अन् ती हट्टा गावाला माहेरी गेली.

मस्तक हो, मी कुठं न्हाई म्हणते? पण घरात सध्या तू अन् शेळी. शेळीचं मस्तक व्हायला आईची साक्ष काहून पाहिजे?

थकले रे. तुझा बापही असंच म्हणायचा अन् मी गप ऐकायची. तेच बघून तू शिकलास.

निरोप धाडू नको, स्वतः हट्ट्याला जा. रस्त्यात शिकवण देऊ नको, तिची पिशवी धर. ‘आई, मी घरी आले,’ असं तिनं फोनवर सांगितलं की कागदावर अंगठा देते. तोवर अंगठा माझ्याजवळ.

तुझी आई,
मार्थाबाई