मांडीवरची मूर्ती

ठाकुर्ली,
शनिवार, १९ एप्रिल २०२५

आदरणीय रमाताईस,
राजरत्नचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आज सकाळी अमृताबरोबर कल्याणला गेलो. घरातली पितळी बुद्धमूर्ती पॉलिशला दिली होती, ती घेतली. अमृताच्या ठाण्यातल्या, खोपटच्या नव्या घरासाठी कुकर घेतला. साडेबाराला परत आलो.

फोनवर तू बरा आहेस ना विचारतेस, मी हो म्हणतो आणि बोलणं संपतं, म्हणून लिहितो आहे. येताना पत्री पुलाजवळ एक रिक्षा आडवी आली. मी जोरात ब्रेक मारला. मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवलेली मूर्ती उडाली आणि मागच्या सीटवर आदळून खाली पडली. चार किलोची आहे. लागलं कुणाला नाही, पण मित्रा नेहमी तिथेच बसते. आज ती मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती, म्हणून गाडीत नव्हती.

घरी आल्यावर अमृता म्हणाली, की बाबा, सामान नीट लावायला शिकेपर्यंत माझी मुलगी तुमच्या गाडीत बसणार नाही. मित्रा सुट्टीत माझ्याकडे आठ दिवस राहणार आणि बुद्धपौर्णिमेला तिला व मूर्तीला घेऊन मी खोपटला जाणार, असं ठरलं होतं. निशिगंधा गेल्याला सात महिने झाले, आमच्या संसारात आता मी एकटाच. या सात महिन्यांत मी एवढ्याच एका गोष्टीची वाट बघत होतो.

अमृता म्हणते, मूर्ती डिकीत ठेवा. ते मला जमत नाही. डिकीत आपण स्टेपनी ठेवतो, जुन्या चपला ठेवतो. दर पौर्णिमेला तुझ्याकडे शहाडला येताना निशिगंधा मूर्ती मांडीवर घेऊन बसायची. डिकीत एकदाही ठेवली नाही. आता मांडी नाही. गाडीत त्यातल्या त्यात उंच जागा म्हणून मी ती फळीवर ठेवली.

तुला काय वाटतं ते लिही. पत्राला उत्तर येईल एवढा लोभ अजून आहे, असं धरून चालतो.

तुझा,
राजरत्न


शहाड,
२४ एप्रिल २०२५

चि. राजू,
जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. आपल्या आबांनी तीस वर्षं टेम्पो चालवला आणि त्यांच्या मुलाला सामान लावता येत नाही, हे कुणाला सांगू नकोस रे बाबा. तू गणितं सोडवत घरात बसायचास, दोऱ्या मी आवळायचे.

आबा सामान ‘ठेव’ कधी म्हणाले नाहीत, ‘बसव’ म्हणायचे. जड असेल ते तळाला, मागच्या सीटच्या पाठीला अगदी टेकवून. हलकं त्यावर, पण सीटच्या पाठीपेक्षा उंच काही नको. फटी गोधडीने भर, वरून पट्टा आवळ. मग दोन्ही हातांनी ढकल. तुझ्या हाताने हललं, तर सगळं काढून पुन्हा लाव. फळीवर रुमालसुद्धा नको. आणि पाण्याची बाटली पायाशी सोडू नकोस, गडगडत ब्रेकखाली जाते.

आता मूर्तीचं. रागावणार नसशील तर सांगते. निशिगंधा मूर्ती मांडीवर धरायची, त्याचं कारण तिनेच मला हसत हसत सांगितलं होतं. तुझ्या गाडीत तिला भीती वाटायची. तू ब्रेक उशिरा मारतोस. हातात घट्ट धरायला काहीतरी हवं आणि तुला वाईटही वाटू नये, म्हणून मूर्ती. इतर वेळी ती जेवणाचा डबा धरून बसायची. आठवून बघ.

तेव्हा अमृताचं ऐक. तथागतांना डिकीचा राग यायचा नाही, पोरीला लागलं तर मात्र तुला झोप यायची नाही.

वेळेवर जेव. इकडची माया आहे तशीच आहे.

रमाताई


ठाकुर्ली,
मंगळवार, १३ मे २०२५

आदरणीय रमाताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं. मग डबा आठवला. एकदा बदलापूरला जाताना मी तिला म्हटलं होतं, की डबा खाली ठेव, हात दुखतील. ती म्हणाली, गरम आहे, बरं वाटतं. मे महिना होता. परवा ते आठवून मी एकटाच हसलो.

रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये सामान लावून काढत होतो. शेजारचे दगडू मामा विचारायचे, रोज कुठल्या गावाला निघता? चार तारखेला अमृताला बोलावलं. तिने दोन्ही हातांनी ढकललं, मग पाय रोवून ढकललं. काही हललं नाही. फक्त म्हणाली, की पुढच्या गाडीपासून लांब राहा. दुसऱ्या दिवशी मित्राला आणून सोडलं. आठ दिवस कसे गेले कळलं नाही.

काल निघालो. मूर्ती गोधडीत गुंडाळून खोक्यात, डिकीच्या तळाला. डिकी बंद करताना हात थोडा थांबला. मग केली बंद. खोपटला वळणावर एक कुत्रं मध्ये आलं. ब्रेक मारला. मागून आवाज आला नाही. मित्रा तिच्या सीटवर पाय हलवत होती, तशीच हलवत राहिली.

अमृताने तुझ्यासाठी खीर ठेवली आहे, रविवारी घेऊन येतो. पुढे बसशील ना? हातात काही देणार नाही. असाच कान धरत जा.

तुझा,
राजरत्न

ता. क. मित्राचे दोन फ्रॉक इथेच राहिले होते. मघाशी धुऊन वाळत घातले.