नोड पाच खोटारडा आहे

२८ मे २००७
पेठ वडगावला सासऱ्यांच्या गुळाच्या गोडाऊनमध्ये पाच वायरलेस सेन्सर, म्हणजे नोड, टांगले. चार ताडपत्रीखाली, गुळाच्या रव्यांच्या म्हणजे ढेपांच्या थप्प्यांपाशी, पाचवा वर आढ्याला. हवेतला दमटपणा मोजून आकडे थेट कोल्हापुरात, माझ्या कॉम्प्युटरवर. आज पाचही ५८ टक्के.
सासरे, म्हणजे मामा, अजून गुळाला बोट लावून ओल बघतात. बोट! म्हटलं, आता ताडपत्री उघडायची नाही, रीडिंग बिघडतं. म्हणाले, पावणं म्हनत्यात म्हंजे न्हाय उघडत.

१२ जून
चार नोड ५८. पाचवा ८१. माझा अल्गोरिदम सोपा आहे : शेजाऱ्यांशी जमत नाही तो बिघडलेला. पाचवा बाद. वर्गातही असा एक असतोच.

३ जुलै
धो धो पाऊस. तरी चौघे ५८ वरून हलत नाहीत. याला म्हणतात शिस्त. पाचवा ९०! लाज नाही.
पीएचडीचे गाईड म्हणाले, पावसात आकडा हलत कसा नाही, जाऊन बघ. दुसऱ्याचं यश बघवत नाही, दुसरं काय. चिखलात जाणार नाही.

११ जुलै, सकाळ
मामांचा फोन. आंबूस वास येतोय, ताडपत्री उघडू का? वास हा डेटा नव्हे, सांगितलं. म्हणाले, ऱ्हाऊ दे मग, तुमी शिकल्याली मानसं.
दीपा म्हणाली, बाबांचा वर्षाचा माल आहे, खात्री आहे ना? बायको असूनही सांगावं लागतं. चार विरुद्ध एक!
सिनॉप्सिसमध्ये लिहिलं : बिघाड शोधण्यात शंभर टक्के यश.

१९ जुलै
वडगाव. ताडपत्री काढली. गूळ पाघळून फरशीवर काळा राडा. मामा घमेलं घेऊन राडा भरायला लागले. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.
चारही नोडना प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळीने गच्च. मामी म्हणाल्या, पयल्याच दिशी मीच बांधल्या, जावयाची वस्तू ओल लागून खराब व्हायला नको. वरच्याला हात पोचंना.
पिशव्यांचा प्रताप त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटली नाही. माझीही नाही.

२० जुलै
मामा, दीपा, गाईड एका बाजूला. मी एकटा. पण एकटा पडलेला चूक नसतो, हे नोड पाचने सिद्धच केलंय. मुद्दा सिनॉप्सिसमध्ये घालणे.

२० जुलै, संध्याकाळ
मामींचा फोन. शिडी मिळाली, वरच्यालाबी पिशवी घातली. गूळ गेला तर गेला, तुमची मशीनं तरी कोरडी ऱ्हायली की.
थँक्यू म्हणालो.