संशय आधी कुणावर

मुलुंड, मंगळवार, १२ ऑगस्ट १९८६

आज महिला मंडळात एका लेखिकेच्या नव्या रहस्यकथेवर बोलले. काय लिहिलंय बाईनं! खुनाचा छडा लावते एक टायपिस्ट. खुनाच्या घरात कपबशा धुतलेल्या, पण गाळण्यात चहाचा चोथा तसाच. म्हणजे आवरणारा माणूस कधीच भांडी न घासलेला, म्हणजे मेलेल्या बाईचा नवराच. इन्स्पेक्टरला ते दिसतच नाही. रोजचं घरकाम हेच बाईचं ज्ञान, असं मी म्हटलं. टाळ्या पडल्या.

मग शेजारच्या कुसुमनं विचारलं, "तुझा संशय आधी कुणावर होता गं?"

"मोलकरणीवर," मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे तू पण इन्स्पेक्टरच की!"

सगळ्या हसल्या, मीही. पण ते गाळणं डोक्यातून जाईना. लेखिकेनं पहिल्याच प्रकरणात दाखवलेलं, तरी मला दिसलं नाही. त्या लेखिकेनं मला बरोबर पकडलं. राग नाही, कौतुकच वाटतंय.

गेल्या महिन्यात ह्यांचं घड्याळ सापडेना, तेव्हा मी आधी आमच्या कामवाल्या सुमनलाच विचारलं होतं. निघालं ह्यांच्याच खिशात. तिला मी अजून ते सांगितलेलं नाही. का?

उद्या ती आली की आधी ते सांगायचं, माफी मागायची. मग चहा. गाळणं मी धुवीन.