मोठी चाकं आणि माझं वय

रविवार, संध्याकाळ. सातारा

"आई, तू उगीच रेस देतेस. वय झालं, आता चालवणं सोड." सुट्टीवर आलेल्या विक्रमचं, माझ्या फौजी लेकाचं, हे वाक्य आठवडाभर सलत होतं. का, तर अठराचं ॲव्हरेज देणारी गाडी पंधरावर आली. पण हौसेने मोठी चाकं आणि रुंद टायर त्यानेच बसवले, त्याचं काय? आणि खरंच वय झालं असेल तर?

आज टाकी काठोकाठ भरून त्यालाच पलूसपर्यंत चालवायला लावली. मी शेजारी बसून किलोमीटरचे दगड मोजले. दगडांनी पन्नास झाले तेव्हा मीटर सत्तेचाळीसच दाखवत होता. चाक मोठं, म्हणून तेवढ्याच अंतराला फेरे कमी. बीएस्सीचं फिजिक्स अजून शाबूत आहे! पलूसला टाकी पुन्हा भरली. मीटरप्रमाणे ॲव्हरेज पंधरा, दगडांप्रमाणे सोळा. उरलेलं रुंद टायरांनी खाल्लं.

"काय रं फौजी, तूपण उगीच रेस देतोस?"

तो हसला. "चुकलंच माझं. जुनी चाकं बसवतो."

"बसव. आधी त्या सीटवरून ऊठ."

साताऱ्यापर्यंत गाडी मी चालवली. तो शेजारी बसून दगड मोजत होता.