दोनशे तीसची यादी

२९ जुलै ९३, गुरुवार

परत तेच! केतकर साहेब म्हणे, "पोपट, तू फक्त बोटं चालव." स्वतः पंधरा दिवसांतून एकदोनदा वर्तकनगरहून स्कूटरवर येणार, दोन चहा पिणार, निघणार — आणि प्रोग्रॅम यांचा! मी सातवी नापास, डोंबिवलीतल्या रंगाच्या कारखान्यात तीन वर्षं टेंपररी. ड्रम उचलायला आलेलो. टायपिंग येतं म्हणून एसीत बसवलाय. एसी माझ्यासाठी नाही, मशीनसाठी.

आज मशीन अडलं. सगळ्यांचे हजेरीचे दिवस मी भरतो. त्यातून दोनशे तीस आणि वरचे निवडून यादी काढायची. त्यांना ब्रेक — म्हणजे घरी बसा. दोनशे चाळीस भरले की माणूस 'कायम करा' म्हणायला मोकळा, म्हणून त्याआधीच बाहेर!

मशीन म्हणतं, दिवसांचा रकाना अक्षरांचा केलाय, तुम्ही आकडा विचारताय, जमणार नाही. साहेबांनी रकाना बदलला? छे! २३० ला दोन्हीकडून अवतरणचिन्हं लावली. मशीन गप्प. मॅनेजर खूश.

३० जुलै

यादीत पॅकिंगमधली शालन. दिवस एकतीस! मॅनेजरसमोर जाऊन उभी — "साहेब, मला येऊन महिना झाला, ब्रेक कसला?" त्याने नावावर काट मारली. "पेन आहे ना! मशीनला कशाला हात लावायचा?" वा रे अक्कल.

३१ जुलै

कळलं. मशीन दिवस मोजतच नाही! शाळेच्या कॅटलॉगात नावं लावतात तसं वाचतं, पहिलं अक्षर आधी. तीन दोनापेक्षा मोठा, म्हणून एकतीस दोनशे तीसच्या वर. साहेबांना फोन केला.

"तू मला शिकवणार?"

नाही बाबा.

५ ऑगस्ट

साहेब आलेले. प्रोग्रॅममध्ये माहिती ठेवायचा एक डबा असतो; त्या एकाच डब्यात सकाळी आकडा, दुपारी नाव, आता तारीख — हे कसं, विचारलं. "अरे, हीच तर मजा! आधी काही सांगावं लागत नाही. जे टाकशील ते तो बनतो." नशीबवान डबा. मला गेटवर बापाचं नाव, गाव, शिक्षण, ओळखीचा माणूस, सगळं आधी लिहून द्यावं लागलं. आणि टेंपररी टाकला तो टेंपररीच राहिला.

११ ऑगस्ट

उद्या दुसरी यादी. माझे दिवस २३०. खोलीतल्या दौलतमामाचे २३२.

माझा आकडा भरताना आधी एक ब्लँक मारला, म्हणजे नुसती मोकळी जागा. रकान्याने घेतला. तो काय, काहीही घेतो! यादी काढून बघितली — मी नाही! ब्लँक म्हणजे सगळ्यात छोटा. सातवी नापास माणूस पहिल्यांदा पास!

एकच नाव पण. एक गळलं तर कोणी मोजत नाही. दोन गळली की मॅनेजर रजिस्टर मागवतो. मे महिन्यात मागवलेलं.

मामाला पाच वर्षांत पाच ब्रेक. पिवळ्या रंगाच्या टाकीवर काम. हात कितीही धुवा, भाकरी पिवळी होते. थोरलीचं लग्न 'कायम झालो की' म्हणून दोनदा पुढे ढकललं. सरस्वतीमामी साताऱ्याहून लिहिते, पोरगी आता बोलत नाही. जेवताना म्हणाला, "पोपट, उद्या माझं नाव असंल का रं?"

"मला काय माहीत मामा. मशीन ठरवतं."

"मग असंल," म्हणाला, आणि माझ्या ताटात कालवण वाढलं. वाढायची काय गरज होती!

१२ ऑगस्ट

साहेब यायच्या आत गेलेलो. माझा ब्लँक काढला, मामाच्या आकड्याआधी टाकला. मूर्ख आहे मी.

यादी लागली. मामा नाही. मी आहे. साहेब म्हणाले, "अरेरे! पोपट, तूसुद्धा? बाकी यादी बघ कशी फटाफट येते!"

१५ ऑगस्ट

झेंडा बघून आलो. सुट्टीच आहे, म्हटलं बघू.

१७ ऑगस्ट

कळव्याला एका वर्कशॉपमध्ये काम विचारलं. "कॉम्प्युटरवाला? आम्हाला ड्रम उचलणारा पाहिजे." च्यायला!

२० ऑगस्ट

मामाचे दोनशे चाळीस भरले. 'कायम करा' म्हणून अर्ज दिला, मॅनेजरला सही करावीच लागली. पेढे घेऊन आला — "मशीन देवमाणूस हाय रं!" हो ना!

पोस्टात जाऊन आलो. आईला मनिऑर्डर — या वेळी साठच रुपये.